चोरदरवाजा सर्व्हरचा

ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला, असे नसते. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात रक्तातले जंतू क्लोरोक्विनने तीन दिवसांत आटोक्यात येतात. रुग्णाला भूक लागते, तो उठून कामाला जातो. पण त्याच जंतूंपैकी काही यकृताच्या पेशींत गुपचूप झोपून राहिलेले असतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि पुन्हा थंडी वाजून ताप भरतो. नवा डास चावलेला नसतो. जुनाच पाहुणा घरात राहिलेला असतो. म्हणून त्या तीन दिवसांच्या औषधाबरोबर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा डोस असतो आणि म्हणूनच तो अर्ध्यात सोडू नका, असे आम्ही डॉक्टर परत परत सांगत असतो.

आजचा विषय मात्र मलेरिया नाही. नेमके हेच वागणे असलेला एक रोग माणसाला न होता यंत्राला होतो, त्याबद्दल आज लिहायचे आहे. ज्या संगणकांवर संकेतस्थळे चालतात, त्या सर्व्हरमध्ये शिरून मागे स्वतःसाठी वाट ठेवून जाणारा हा घुसखोर प्रोग्राम. इंग्रजीत त्याला ‘बॅकडोअर’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना आणि चपखल शब्द आहे, चोरदरवाजा. रायगडाला चोरदिंडी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच, की किल्ल्याची चोरवाट किल्लेदाराने संकटकाळी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली असते. सर्व्हरचा चोरदरवाजा चोराने पुन्हा आत येण्यासाठी ठेवलेला असतो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर उभे राहून पाहा. नोंदणी संगणकावर, तपासणीचे अहवाल संगणकावर, औषधांचा साठा संगणकावर. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे तीन शब्द ऐकू आले, की आंजर्ल्याहून पहाटेच्या गाडीने आलेल्या आजींचा अख्खा दिवस जातो. सर्व्हरची तब्येत हा आता रुग्णाच्या तब्येतीचाच एक भाग झाला आहे.

सर्व्हर काय करतो?

सर्व्हर म्हणजे एखाद्या खानावळीसारखे काम करणारा संगणक. तुम्ही बाहेर बसून मागणी नोंदवता, आत स्वयंपाकघरात पदार्थ तयार होतो आणि ताट तुमच्यासमोर येते. दापोलीतल्या एखाद्या आंबा बागायतदाराचे संकेतस्थळ तुम्ही मोबाइलवर उघडता, तेव्हा तुमची मागणी दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरकडे जाते. तिथला प्रोग्राम दर, फोटो, शिल्लक पेट्या अशी माहिती गोळा करून पान बनवतो आणि तुमच्याकडे पाठवतो.

यातली मेख अशी, की गिऱ्हाईक फक्त मागत नाही, देतोही. तो नाव लिहितो, फोटो चढवतो, अर्जाबरोबर कागद जोडतो. म्हणजे बाहेरच्या माणसाने दिलेली वस्तू स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. ती नीट तपासून घेतली तर काही बिघडत नाही. न तपासता घेतली, तर फोटो म्हणून आत आलेली फाइल प्रत्यक्षात प्रोग्राम असू शकते. ती एकदा आत गेली आणि सर्व्हरने ती चालवली, की चोरदरवाजा बसला.

अशा प्रोग्रामला ‘वेब शेल’ म्हणतात. ‘शेल’ म्हणजे संगणकाला लेखी हुकूम देण्याची जागा. ती एरवी फक्त यंत्राच्या व्यवस्थापकासाठी असते. वेब शेल हीच जागा इंटरनेटवरच्या एका पानामागे लपवून उघडी करतो. हल्लेखोर जगात कुठेही बसून साध्या ब्राउझरमधून त्या पानाला हुकूम पाठवतो आणि सर्व्हर तो निमूटपणे पाळतो. यासाठी फार मोठा प्रोग्रामही लागत नाही. ‘चायना चॉपर’ नावाच्या कुप्रसिद्ध वेब शेलचा सर्व्हरवर बसणारा भाग जेमतेम एका ओळीचा आहे. हजारो फाइलींच्या ढिगाऱ्यात ती एक ओळ शोधणे म्हणजे काय, याची कल्पना करा.

आत येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. संकेतस्थळ ज्या तयार प्रोग्रामवर उभे आहे तो किंवा त्याची जोडणी, म्हणजे ‘प्लगइन’, जुने राहिलेले असते आणि त्यातली जाहीर झालेली फट बुजवलेली नसते. पासवर्ड सोपा असतो किंवा दुसरीकडून चोरीला गेलेला असतो. फाइल चढवण्याच्या जागेवर तपासणीच नसते. आणि चौथी वाट आपण स्वतः विकत, किंवा खरे तर फुकट, घेतो. पैसे वाचवण्यासाठी उतरवून घेतलेल्या चोरीच्या ‘थीम’मध्ये किंवा प्लगइनमध्ये चोरदरवाजा आधीच बसवलेला असतो.

हा किरकोळ प्रकार नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या फेब्रुवारीत दिलेल्या माहितीनुसार, ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या काळात त्यांच्या यंत्रणेला सर्व्हरवर दर महिन्याला सरासरी १ लाख ४० हजार वेळा वेब शेल आढळले. आधीच्या वर्षी याच काळातल्या सरासरीच्या जवळपास दुप्पट.

कीव्हची फट, न्हावा-शेव्याचा खोळंबा

हा रोग किती दूरवर पसरू शकतो, हे आपल्याच कोकणपट्टीने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहातली कंपनी चालवत होती. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, कोणता कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर काम हाताने करण्याची वेळ आली. मालाचा खोळंबा झाला.

या बंदरावर कोणी थेट हल्ला केलेला नव्हता. मूळ होते हजारो किलोमीटर दूर, युक्रेनमध्ये. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी ‘एम. ई. डॉक’ नावाचा हिशेबाचा प्रोग्राम वापरत. तो बनवणाऱ्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले होते. पुढे ‘ईसेट’ आणि ‘सिस्को टॅलोस’ या सुरक्षा संस्थांच्या तज्ज्ञांनी तपास केला, तेव्हा त्या कंपनीच्या वेब सर्व्हरवर पीएचपी भाषेतला वेब शेल सापडला. नाव असे ठेवलेले, की कुणालाही ती कंपनीचीच फाइल वाटावी. या घुसखोरांनी एप्रिल, मे आणि जून अशा तीन महिन्यांत ग्राहकांना जाणाऱ्या अद्ययावत आवृत्त्यांमध्येच आपला चोरदरवाजा मिसळून दिला. ग्राहकांनी तो कंपनीवर विश्वास ठेवून स्वतःच्या हाताने बसवून घेतला. विहिरीत कालवलेले विष जसे पाणी भरणाऱ्या प्रत्येक घरात जाते, तसे हे झाले.

मग २७ जूनला त्या दारातून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम सोडण्यात आला. तो खंडणी मागत होता, पण पैसे देऊनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. एका कार्यालयातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्यात तो संगणकांच्या अंतर्गत जाळ्यातून पसरला. मेर्स्कचे जगभरातले कामकाज त्यात सापडले आणि त्यासोबत न्हावा-शेवाही. या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचे ब्रिटन आणि अमेरिकेने २०१८ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. रशियाने ते नाकारले.

डॉक्टर म्हणून मला या कथेतला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. औषधे बनवणारी ‘मर्क’ कंपनीही याच हल्ल्यात सापडली. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या एचपीव्ही लसीचे उत्पादन विस्कळीत झाले आणि मागणी पुरी करण्यासाठी कंपनीला अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून लस उसनी घ्यावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या ‘हेरिटेज व्हॅली’ या रुग्णालय समूहाचे संगणकही बंद पडले. कीव्हमधल्या एका सर्व्हरवरची फट आणि दुसऱ्या खंडातल्या मुलीची लस यांचा संबंध असा लागतो.

लक्षणे: रोगी स्वतःला निरोगी दिसतो

चोरदरवाजा बसवणारा नेहमी एवढा विध्वंस करत नाही. बहुतेक वेळा त्याला यजमान जिवंत आणि चालता-फिरता हवा असतो. समजा, कर्द्याच्या एका घरगुती निवासाचे संकेतस्थळ आहे. हल्लेखोराला त्या सर्व्हरवरून फसव्या ईमेल पाठवायच्या असतात, येणाऱ्या पर्यटकांना जुगाराच्या पानावर वळवायचे असते, लोकांच्या कार्डांचे तपशील टिपायचे असतात किंवा सर्व्हरची ताकद वापरून आभासी चलन कमवायचे असते. मालकाला कळले तर हे सगळे बंद होईल. म्हणून लक्षणे मालकापासून लपवली जातात.

पुण्याचा पर्यटक गुगलवर शोधून मोबाइलवर ते पान उघडतो, तर भलतीकडेच पोहोचतो. तो फोन करून तक्रार करतो. मालक स्वतःच्या संगणकावर थेट पत्ता टाकून पाहतो, तर सगळे ठीक. ‘तुमच्याच मोबाइलमध्ये काहीतरी असेल,’ असे तो सांगतो. दोघेही खरेच बोलत असतात. कोण आला, कुठून आला, कोणत्या यंत्रावरून आला हे पाहून घुसखोर वेगवेगळे ताट वाढत असतो.

२०१३ मध्ये सापडलेला ‘सीडॉर्क्ड’ हा या लपवाछपवीचा नमुना होता. संकेतस्थळे वाढून देणारा ‘अपाचे’ हा लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम. हल्लेखोरांनी त्या प्रोग्रामचीच मूळ फाइल बदलून आपली ठेवली. बाकीची सगळी माहिती, कुणाला कुठे वळवायचे वगैरे, डिस्कवर न लिहिता यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवली. त्यामुळे बदललेली एक फाइल सोडली, तर शोधायला डिस्कवर मागमूस नव्हता. व्यवस्थापक वाटेल अशा माणसाला तो वळवतच नसे. टायफॉइडचा जंतू पित्ताशयात बाळगणारा वाहक जसा स्वतः ठणठणीत असतो आणि जेवायला येणाऱ्यांना आजार देतो, तशी ही अवस्था.

तरीही काही खुणा राहतात. शोधयंत्रात तुमच्या नावाखाली औषधांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती दिसू लागणे. ‘हे संकेतस्थळ हॅक झालेले असू शकते’ अशी सूचना येणे. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने ‘तुमच्याकडून फार ईमेल जात आहेत’ असे कळवणे. कारण नसताना सर्व्हर मंदावणे. व्यवस्थापकांच्या यादीत अनोळखी नाव दिसणे. फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामची फाइल असणे. यातले एकही लक्षण ‘हवापालटामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

कधी कधी लक्षण फारच बारीक असते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या संगणक अभियंत्याला दिसले, की सर्व्हरमध्ये लॉग-इन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. त्याने मुळापर्यंत जाऊन पाहिले, तर ‘एक्सझेड’ नावाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या फुकट प्रोग्राममध्ये कोणीतरी चोरदरवाजा घातलेला निघाला. घालणाऱ्याने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. ती आवृत्ती सर्वत्र पोहोचण्याआधीच सापडली. नाडी रोज पाहणाऱ्यालाच तिचा बदललेला ठोका कळतो.

निदान आधी, औषध नंतर

चोरदरवाजा असल्याचा संशय आल्यावर पहिली ऊर्मी असते ती दिसेल ती वाईट फाइल पुसून टाकण्याची. ती आवरायला हवी. गंभीर संसर्गाच्या रुग्णाला प्रतिजैविक सुरू करण्याआधी आम्ही शक्यतो रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेतो, कारण औषध गेल्यावर जंतू कोणता होता हे कळणे अवघड होते. इथेही तसेच आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तर स्मृतीतला पुरावा नाहीसा होतो. फाइल पुसली, तर ती कधी आणि कुठून आली हे कळत नाही. म्हणून आधी सर्व्हरला इंटरनेटपासून आणि कार्यालयातल्या इतर यंत्रांपासून वेगळे करायचे, शक्य असेल तर स्मृतीची आणि डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, नोंदवह्या म्हणजे ‘लॉग’ दुसरीकडे सुरक्षित ठेवायचे आणि मग हात लावायचा.

तपासात तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, तुलना. संकेतस्थळाचा मूळ प्रोग्राम बनवणाऱ्याकडून ताजा घ्यायचा आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलशी ताडून पाहायचा. फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा असतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. फाइलवरच्या तारखेवर मात्र विसंबू नये, ती हल्लेखोर सहज खोटी लिहितो. दुसरी, नोंदवही. फोटोंच्या फोल्डरमधल्या एखाद्या पानाला एकाच ठिकाणाहून, रात्री-अपरात्री, सतत माहिती पाठवली जात असेल, तर तिथे वेब शेल असण्याची दाट शक्यता असते. तिसरी, वर्तन. पाने वाढणाऱ्या प्रोग्रामने अचानक यंत्राला व्यवस्थापकाचे हुकूम द्यायला सुरुवात करणे, किंवा सर्व्हरने स्वतःहून बाहेरच्या अनोळखी ठिकाणी संपर्क साधणे हे निरोगी वर्तन नव्हे.

या सगळ्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे: तो आत आला कुठून आणि कधी? हे उत्तर नसेल, तर पुढचा सगळा उपचार अंदाजाने केलेला ठरतो.

उपचार: डागडुजी की नवी बांधणी?

चोरदरवाजा सहसा एकटा नसतो. पहिला सापडेल हे गृहीत धरूनच चोराने दुसरा, तिसरा ठेवलेला असतो. एखादी फाइल पुसली, तर यंत्राच्या वेळापत्रकात टाकून ठेवलेले काम दर काही मिनिटांनी ती पुन्हा आणून ठेवते. व्यवस्थापकांच्या यादीत एक जादा नाव असते. पासवर्डशिवाय आत येण्याची एक जादा किल्ली असते. माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्येही काही ओळी पेरलेल्या असू शकतात.

फट बुजवणे आणि घुसलेल्याला हाकलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मार्च २०२१ मध्ये जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या ईमेल सर्व्हरमध्ये गंभीर फटी सापडल्या. कंपनीने दुरुस्ती दिली, पुष्कळ संस्थांनी ती बसवलीही. पण तोवर हजारो सर्व्हरवर वेब शेल बसून गेले होते आणि दुरुस्तीने ते जात नव्हते. चोर घरात असताना आपण बाहेरून कडी लावली होती. शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन तिथल्या शेकडो सर्व्हरवरचे वेब शेल काढले, तेही त्याच वेब शेलला ‘स्वतःला पुसून टाक’ असा हुकूम देऊन. त्याच वेळी अमेरिकी न्याय विभागाने स्पष्ट केले, की या कारवाईत फट बुजवलेली नाही आणि आत आणखी काही घुसले आहे का, हेही शोधलेले नाही. एक लक्षण गेले, रोगमुक्तीचा दाखला दिला नव्हता.

म्हणून बहुतेक वेळा उत्तम उपचार म्हणजे नवी बांधणी. जुना सर्व्हर धुऊन-पुसून वापरण्याऐवजी कोऱ्या यंत्रावर मूळ, अधिकृत ठिकाणाहून घेतलेले प्रोग्राम बसवायचे, त्यांच्या ताज्या आवृत्त्या घ्यायच्या आणि जुन्याकडून फक्त माहिती आणायची: लेख, फोटो, नोंदी, त्याही तपासून. फोटोंच्या फोल्डरमध्ये कोणताही प्रोग्राम चालणारच नाही, असा नियम सर्व्हरला घालून द्यायचा. सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलायच्या, आणि हे काम निरोगी संगणकावर बसून करायचे. नाहीतर नवी किल्लीही चोराच्या हाती पडते. व्यवस्थापकाच्या खात्याला पासवर्डखेरीज मोबाइलवरच्या संकेतांकाचे दुसरे कुलूप लावायचे.

मेर्स्कने हेच केले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले, की त्यांनी दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. त्यांच्या जाळ्यात कोण कोणाला ओळखतो, कोणाला काय परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले होते. वाचला एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर होता. पावसाळ्यात दिवे जाण्यावर वैतागणाऱ्या आपल्या कोकणवासीयांना या उपकाराचे मोल लगेच कळेल. पण विजेच्या भरवशावर राहू नये. जाळ्यापासून तोडून ठेवलेली एक प्रत मुद्दाम असायला हवी, हा त्याचा अर्थ.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या हल्ल्याने हाच धडा आपल्या देशातल्या रुग्णांसमोर दिला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. अंतर्गत जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे कारण पुढे आले. म्हणजे एका वॉर्डातला संसर्ग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून लागणारी भिंतच नव्हती. बाह्यरुग्ण नोंदणी, तपासण्या, दाखल रुग्णांची कामे हाताने करावी लागली. यंत्रणा रुळावर यायला जवळपास दोन आठवडे गेले. तरीही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण एक राखीव सर्व्हर संसर्गातून वाचला होता.

राखीव प्रतीबाबत एक पथ्य आहे. प्रत कालची असेल आणि घुसखोर दोन महिन्यांपूर्वी आला असेल, तर त्या प्रतीतही तो असणार. म्हणून वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ठेवाव्यात, त्यातली एक तरी यंत्रापासून वेगळी असावी आणि वर्षातून काही वेळा ती उघडून, चालवून पाहावी. रुग्णवाहिकेतला ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे की नाही, हे रुग्ण आत घेतल्यावर तपासायचे नसते.

एक गोष्ट मात्र आमच्या शास्त्रापेक्षा इथे वेगळी आहे. जंतू केसपेपर वाचत नाही, हल्लेखोर वाचतो. आपण त्याला शोधतो आहोत हे त्याला कळले, तर तो माहिती पुसतो किंवा लपण्याची जागा बदलतो. म्हणून सफाईची चर्चा त्याच सर्व्हरवरच्या ईमेलवर करू नये. फोन करावा, समोरासमोर बसावे आणि सगळी दारे एकाच वेळी बंद करावीत. उपचारानंतरही काही महिने नोंदवह्यांवर नजर ठेवावी.

लपवल्याने वाढतो

क्षयरोगाशी लढताना आमची निम्मी शक्ती जंतूंवर नव्हे, लाजेवर खर्च होत असे आणि अजूनही होते. ‘लोकांना कळले तर?’ या भीतीने रुग्ण उशिरा येतो आणि तोवर घरातल्या दोघांना संसर्ग झालेला असतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारने खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक केले, ते यासाठीच. सर्व्हरच्या बाबतीत पतपेढ्या, शाळा, दवाखाने आणि छोटे उद्योग नेमके हेच करतात. ‘आपली अब्रू जाईल’ म्हणून गुपचूप फाइल पुसली जाते आणि ज्यांची माहिती चोरीला गेली, त्यांना पासवर्ड बदलण्याची संधीही मिळत नाही.

आपल्या देशात यासाठी ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था आहे. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. पैशांची फसवणूक झाली असेल, तर सामान्य नागरिकानेही वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासाचे महत्त्व हृदयविकाराइतकेच इथेही आहे. कळवणाऱ्याने लाज बाळगायचे कारण नाही. एका ठिकाणी सापडलेल्या घुसखोराच्या खुणा कळल्या, की त्या इतरांना शोधता येतात. साथ अशीच आवरली जाते.

विचारायचे सहा प्रश्न

प्रत्येकाने संगणकतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. रक्तदाब कसा मोजतात हे माहीत नसले, तरी ‘माझा किती आला?’ हे विचारता येते. तुमच्या निवासाचे, दुकानाचे, शाळेचे, पतपेढीचे किंवा ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ असेल, तर ते सांभाळणाऱ्याला एवढे विचारा. शेवटचे अद्ययावत कधी केले? वापरात नसलेली प्लगइन काढून टाकली का? व्यवस्थापकाची खाती किती आणि कोणाची? राखीव प्रत कुठे आहे आणि ती चालवून कधी पाहिली? नोंदवह्या कोण वाचतो? आणि रात्री दोन वाजता काही झाले, तर फोन कोणाला करायचा?

संकेतस्थळ बनवायला आपण एकदा पैसे देतो आणि सांभाळायला देत नाही, हे या रोगाचे आपल्याकडचे मोठे कारण आहे. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारावे लागते, नाहीतर ते गळते, हे ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट समजायला अवघड नाही. सहा प्रश्नांची उत्तरे नेमकी आली, तर निर्धास्त राहा. ‘बघून सांगतो’ असे उत्तर आले, तर ते याच आठवड्यात बघायला सांगा.